रिव्हर्बरेशनला मराठीत काय म्हणाल? ‘प्रतिध्वनी’ लिहून खोडलंय

ओसरी
नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे, म्हणून धागा काढतेय.

गोव्यात बार्देशातल्या एका आजोबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. त्यांची नातसून पुण्याची. घरातली मुलं मराठीत वाचतात म्हणून तिला त्या मराठीत हव्यात. छापायचं वगैरे काही नाही, घरापुरतंच. आजोबांचे वडील गावच्या चर्चमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवायचे. एका प्रकरणात ते लिहितात, की संध्याकाळचा सराव संपताना वडील शेवटचा सूर लांबवायचे, गज तारेवरून उचलायचे आणि बोट वर करून सगळ्यांना थांबवायचे. सूर पुरता विरेपर्यंत पोरांनी हलायचं नाही. इथे त्यांनी ‘रिव्हर्बरेशन’ हा शब्द वापरलाय.

त्याच पानाच्या शेवटी वडील बोटीने आफ्रिकेला जातात. परत येत नाहीत. आणि तिथे पुन्हा तोच शब्द, या वेळी अनेकवचनात: त्या जाण्याचे ‘रिव्हर्बरेशन्स’ घरात तीस वर्षं राहिले.

शब्द त्यांनी जाणूनबुजून दोनदा योजलाय, हे वाचताना स्पष्ट कळतं. मी आधी ‘प्रतिध्वनी’ लिहिलं आणि खोडलं. वडिलांनी सूर वाजवला आणि भिंतीने तो परत वाजवला, असं काही तिथे होत नाहीये. मग दुसऱ्या जागी ‘परिणाम’ लिहिलं, तेही खोडलं. सरकारी अहवालासारखं वाटलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि दोन्ही जागी चालेल असा एक मराठी शब्द आहे का?

काकडआरती
निनाद. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रिव्हर्बरेशनला निनादच म्हटलंय, मुलीचा अभ्यास घेताना वाचलंय. दुसऱ्या वाक्याला मात्र तो चालणार नाही.

भौतिकीचा मास्तर
ओसरीताई, प्रतिध्वनी खोडलात ते योग्यच केलेत. प्रतिध्वनी आणि निनाद यांचे मूळ एकच, ध्वनीचे परावर्तन. पण कानाला त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

ऐकलेल्या आवाजाचा ठसा आपल्याकडे साधारण ०.१ सेकंद टिकतो. परतलेला आवाज त्यानंतर पोचला तर तो सुटा ऐकू येतो. तुम्ही ‘ओ’ म्हणालात, मग कडा ‘ओ’ म्हणाला. २२ अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदात ३४.४ मीटर. जाऊन परत यायचे असल्यामुळे समोरची भिंत किंवा कडा निदान १७.२ मीटरवर हवा. माथेरानच्या एको पॉइंटवर पोरे ओरडतात ती याच भरवशावर.

आता खोलीत या. भिंत तीन-चार मीटरवर. तिथून आवाज परततो तेव्हा मूळचा अजून कानात आहे. तेवढ्यात छतावरून आला, फरशीवरून आला, मागच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीवर जाऊन आला. अशी शेकडो परावर्तने एकमेकांत मिसळतात, एकही सुटे काढता येत नाही. मूळ आवाज थांबल्यावरही एक शेपूट मागे राहते आणि विरत जाते. ती शेपूट म्हणजे निनाद. तुमच्या आजोबांचे वडील बोट वर करून मुलांना नेमके तेच ऐकवत होते.

ही शेपूट पहिल्यांदा नीट मोजली वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह झाले आणि त्यात वक्त्याचे बोलणे कुणाला कळेना. तरुण सॅबाइनकडे काम आले. ते रात्री कामाला बसत, कारण दिवसा गलबला असे. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ घड्याळात मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. रिकाम्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. गाद्या वाढत गेल्या तसा काळ घटत गेला, आणि त्यातून सूत्र निघाले: खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. मापे मीटरमध्ये. आवाजाची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंतचा, म्हणजे ६० डेसिबल घट होईपर्यंतचा हा काळ. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिंफनी हॉलसाठी त्यांनी हेच गणित वापरले.

एक उदाहरण करून दाखवतो, करून पाहिल्याशिवाय गंमत कळत नाही. शाळेचे सभागृह २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच. घनफळ १२०० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून ८०० चौरस मीटर. सगळे गुळगुळीत आणि कठीण, दर चौरस मीटर फक्त ३ टक्के आवाज शोषतो असे धरू. ८०० चे ३ टक्के, म्हणजे शोषण २४. निनादकाळ आला ८ सेकंद! आता २०० माणसे आणून बसवा. माणूस कपड्यांसकट अर्ध्या चौरस मीटरला थोडे कमी, ०.४५ धरू, इतका आवाज पितो. शोषण झाले ११४ आणि काळ उतरला १.७ सेकंदांवर. खऱ्या सभागृहात दारे, खिडक्या, पडदे असतात, त्यामुळे रिकाम्या हॉलचा आकडा इतका वर जात नाही. पण गर्दी जमली की हॉल ‘शांत’ का होतो, ते यातून समजते. भाषणाला एका सेकंदाच्या आसपास बरे, वाद्यवृंदाला दोनच्या जवळ.

साउंडवाला बाळू
मास्तर, एक नंबर समजावलंत. आमच्या लाइनीत हा घोळ रोजचा आहे म्हणून लिहितो.

गणपतीत, सप्त्यात जो तो म्हणतो ‘इको लाव’. मिक्सरवर बटणही इकोच असतं. ते फिरवलं की शब्द परत परत येतो: विठ्ठल… ठल… ठल. ते रिव्हर्ब नाही, तो डिले. रिव्हर्ब वेगळा, त्यात शब्द परत येत नाही, आवाजाला मागे जागा मिळते. बुवा देवळात उभे आहेत असं वाटतं. नवीन मिक्सरला दोन्ही वेगळे येतात, आणि रिव्हर्बमध्ये हॉल, रूम, प्लेट अशी नावं असतात. प्लेट म्हणजे काय हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पूर्वी स्टुडिओत खरंच पोलादी पत्रा टांगलेला असायचा, एक मीटर बाय दोन मीटर. त्याला एका बाजूने आवाजाने थरथरवायचं आणि दुसऱ्या बाजूने ती थरथर माइकसारखी उचलायची. जर्मनीत १९५७ ला निघालेली ईएमटी १४० ही त्यातली नावाजलेली. पेटाऱ्यासकट अडीचशे किलोच्या वर वजन. आता ते सगळं एका बटणात आलंय.

कीर्तनाला बसतो तेव्हा माझा हात त्या बटणावरच असतो. निरूपण चालू असताना रिव्हर्ब शून्य, नाहीतर पत्र्याच्या मंडपात आधीच इतका आवाज फिरतो की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला काही कळत नाही. अभंग सुरू झाला की हळूच चढवायचा. टाळ-मृदंग थांबून बुवा एकटे आलाप घेतात तेव्हा अजून थोडा. लोकांना कळता कामा नये की कुणी काही केलं.

तुमच्या शब्दासाठी: आम्ही ‘आवाज घुमतो’ म्हणतो. चांगला घुमला तर ‘गोल येतोय’, वाईट घुमला तर ‘घोळ होतोय’.

काकडआरती
तबल्याच्या जोडीत बायाच्या, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्याच्या, आवाजाला मागे जे राहतं त्याला ‘आस’ म्हणतात. ‘बायाला आस चांगली आहे.’ खोलीची गोष्ट नाही ती, वाद्याची आहे, पण कानाला जवळची वाटते.

इंग्रजीच्या बाई
तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अर्थाच्या बाजूने लिहिते.

मूळ लॅटिन. ‘व्हर्बेर’ म्हणजे चाबूक, फटका. ‘रे’ म्हणजे उलट. म्हणजे रिव्हर्बरेट याचा मुळातला अर्थ उलटा फटका मारून परतवणे. आवाजाशीच तो बांधलेला होता असं नाही, उष्णता आणि प्रकाशालाही लावत. म्हणूनच धातू वितळवायच्या एका भट्टीला रिव्हर्बरेटरी भट्टी म्हणतात. तिच्यात जळण एका बाजूला असतं, ज्वाला आणि धग कमानदार छतावर आपटून खाली धातूवर परतते. मराठीत तिला परावर्तनी भट्टी म्हणतात.

स्टुडिओतलं ‘रिव्हर्ब’ हे छोटं रूप आजचं वाटेल, पण शेक्सपिअरने ‘किंग लिअर’मध्ये ते क्रियापद म्हणून वापरलंय. धाकटी मुलगी कमी बोलली म्हणून राजा रागावतो, तेव्हा केंट त्याला सांगतो की ज्यांच्या हळू आवाजात पोकळी घुमत नाही, त्यांची मनं रिकामी नसतात. आपलं ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ जवळपास तेच सांगतं.

वापर कसा करायचा? क्रियापद आज बहुतेक अकर्मक: बातमी गावभर रिव्हर्बरेट होते, कुणी ती ‘रिव्हर्बरेट करत’ नाही. हीच चूक मुलं सर्वांत जास्त करतात. ‘थ्रू’, ‘अक्रॉस’, ‘अराउंड’ ही शब्दयोगी अव्ययं पुढे येतात. खोलीतल्या आवाजाबद्दल नाम बहुतेक एकवचनात, एखाद्या घटनेच्या परिणामांबद्दल अनेकवचनात. तुमच्या आजोबांनीही तसंच लिहिलंय. उच्चारात क्रियापदाचा जोर ‘व्हर’वर, नामाचा जोर ‘रे’वर.

आता शेजारचे शब्द. ‘रिपर्कशन्स’ हे बहुतेक वेळा नकोसे परिणाम असतात, कुणाच्या तरी अंगावर येणारे. ‘रिव्हर्बरेशन्स’ चांगलेही असू शकतात, फक्त ते लवकर थांबत नाहीत. आणि ‘रेझोनेट’ अगदीच वेगळं. हल्ली मुलं म्हणतात, ‘त्याचं बोलणं मला रेझोनेट झालं.’ त्यात तुमच्या मनाची तार त्याच सुरात लावलेली असावी लागते, म्हणून ती हलते. तो अनुनाद. रिव्हर्बरेट होणाऱ्या गोष्टीला तुमची तार जुळलेली असण्याची गरज नाही. तुम्ही त्या भिंतींच्या आत आहात, इतकंच पुरतं.

ओसरी
बाई, शेवटची दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली. आजोबा त्या वेळी नऊ वर्षांचे होते. भिंतींच्या आतच होते.

प्राकृतप्रेमी
मला आश्चर्य वाटते की ‘पडसाद’ अजून कुणीच सुचवला नाही. दुसऱ्या वाक्याचा शब्द तोच आहे.

आधी शब्द उघडून पाहू. ‘साद’ म्हणजे संस्कृत ‘शब्द’. प्राकृतात ‘सद्द’ झाला, मराठीत येताना जोडाक्षर सुटले आणि मागचा स्वर लांबला: साद. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. हीच वाट. ‘पड’ म्हणजे ‘प्रति’, प्राकृतात ‘पडि’. पडछाया म्हणजे प्रतिच्छाया. पडजीभ म्हणजे प्रतिजिह्वा. तसाच पडसाद म्हणजे प्रतिशब्द.

संस्कृतात ‘प्रतिशब्द’ याचा अर्थच मुळी डोंगरातून परत येणारा आवाज. मराठीत तो तत्सम रूपात दुसऱ्या भाषेतल्या शब्दाला जुळणारा शब्द झाला, आणि त्याचेच तद्भव रूप पडसाद मूळ अर्थ धरून राहिले. ओसरीताई, तुम्ही रिव्हर्बरेशनला प्रतिशब्द शोधत आहात. तो शब्दच तुमच्या प्रश्नात बसलेला आहे.

आणखी एक. बाईंनी सांगितले की लॅटिन शब्दात फटका आहे. आपल्या शब्दात हाक आहे. ‘साद घालणे’ म्हणजे प्रेमाने बोलावणे. पडसाद म्हणजे त्या हाकेला आलेली ओ. आणि पडसाद ‘उमटतात’: पाऊल उमटते, ठसा उमटतो, तसा. हे क्रियापद ज्याने पहिल्यांदा जोडले त्याच्या कानाला माझा नमस्कार.

गार्गी_नागपूर
व्युत्पत्ती वाचून खरंच भारावले. पण मला ‘पडसाद’बद्दल एक भीती आहे.

मी वर्तमानपत्रात वीस वर्षं मथळे दिलेत. पडसाद हा शब्द आम्ही रोज वापरला, आणि नेहमी एकाच कामाला: तीव्र पडसाद, संतप्त पडसाद, विधिमंडळात पडसाद, जिल्ह्यात ठिकठिकाणी पडसाद. पाठोपाठ मोर्चा, बंद, घोषणाबाजी, सभात्याग. आता तो शब्द वाचला की डोळ्यांसमोर रस्त्यावर जळणारं टायर येतं. एक माणूस बोटीने निघून गेला आणि त्याच्या बायकोमुलांच्या घरात काहीतरी तीस वर्षं राहिलं, याला तो शब्द खूप मोठा होतो. घरातल्या दुःखाला गावभरचा शब्द. चूक आमची, शब्दाची नाही. पण वाचणारा आमचे मथळे वाचूनच आलेला असतो.

प्राकृतप्रेमी
गार्गीताई, हे मान्य करावे लागेल. वाईट वाटते, पण मान्य.

बडोदेकर
आमच्या घरी मराठी, बाहेर गुजराती. गुजरातीत प्रतिध्वनी म्हणजे ‘पडघो’, आणि पेपरातही ‘घेरा पडघा पड्या’ असंच येतं. म्हणजे शेजारीसुद्धा दऱ्याखोऱ्यांतला शब्द उचलून बातमीला लावला गेलाय. लहानपणी मी आजीशी बोलताना दोन्हींची सरमिसळ करायचो. ती म्हणायची, विहिरीत पडघो नसतो रे, विहीर घुमते.

भौतिकीचा मास्तर
बडोदेकर, तुमच्या आजींचे निरीक्षण अचूक आहे. विहिरीचा कठडा ते कठडा अंतर काही मीटर. तिथे सुटा प्रतिध्वनी कान कुठून ऐकणार? खोल कोरड्या विहिरीत तळावरून येऊ शकतो, पण भोवतालच्या दगडी बांधकामातून जे ऐकू येते ते घुमणेच.

दोन्ही एकाच जागी ऐकायचे असतील तर विजापूरचा गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ ची. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती सात-आठ वेळा सुटी सुटी परत येते, आणि खाली शंभर शाळकरी मुले बोलत असली की सगळ्याचा मिळून एक गरगरता गोळा होतो, त्यात एक अक्षर लागत नाही. मी शाळेच्या सहलींबरोबर दोनदा गेलो आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या पोचा, नाहीतर फक्त गोळाच ऐकायला मिळतो.

आणि लांबीचा कळस ऐकायचा तर स्कॉटलंडमध्ये इन्व्हरगॉर्डनजवळ डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी खोदलेल्या तेलाच्या टाक्या आहेत, इंचिनडाउनच्या. ट्रेव्हर कॉक्स या ध्वनितज्ज्ञाने तिथे कोरी काडतुसे झाडून मोजले. १२५ हर्ट्झच्या खर्ज आवाजाला विरायला ११२ सेकंद लागले. जवळपास दोन मिनिटे!

काकडआरती
घुमट आणि घुमणे हे एकच ना? घुमटात घुमतं म्हणून घुमट?

प्राकृतप्रेमी
नाही. घुमट हा फारसी ‘गुंबद’वरून आला आणि घुमणे प्राकृत ‘घुम्म’ धातूवरून, ज्याचा अर्थ गरगर फिरणे. दोघे वेगवेगळ्या घरचे आहेत, मराठीत आल्यावर शेजारी झाले. पण ‘घुमणे’मध्ये मुळात फिरणे आहे हे इथे महत्त्वाचे. मास्तर ज्याला ‘गरगरता गोळा’ म्हणाले, तेच.

चिरेबंदी
हा धागा आज पाहिला. मी फोंड्याचा, लहानपण चर्चच्या शेजारी गेलं, म्हणून पहिल्या जागेबद्दल सांगू शकतो.

आमच्याकडच्या जुन्या चर्चच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हातभराहून जाड, वरून चुन्याचा गिलावा. चिरा स्वतः सच्छिद्र असतो, उघडा ठेवला तर आवाज थोडा खातो. पण चुना घोटून गुळगुळीत केला की तो आवाज आत घेत नाही, परतवतो. छत उंच, मधे लाकडी बाकं, जमिनीवर फरशी. रविवारी माणसं भरली की गाणं स्वच्छ. सरावाच्या संध्याकाळी दहा पोरं आणि एक मास्तर, तेव्हा वर भौतिकीच्या मास्तरांनी गणितात दाखवलं तेच होतं, शेपूट लांब. आम्हांला शिकवणारे म्हणायचे, पुढचा सूर घाईने घेऊ नका, आधीचा अजून घरी पोचलेला नाही.

आणि ओसरीताई, गोव्याचं लिहिताय आणि घुमट म्हणताय सगळे, पण आमचं घुमट कुणाच्या लक्षात नाही! मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंड. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकायचं-सोडायचं आणि उजव्या हाताने वाजवायचं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. देवळातल्या आरतीला घुमट, ख्रिस्ती घरांतल्या मांडो गाण्यालाही घुमट. हिंदू, ख्रिस्ती दोन्ही घरांत एकच मडकं. तळहाताने तोंड झाकलं की आवाज आत कोंडतो, सोडलं की बाहेर येतो. त्या आवाजाला आम्ही दुसरा शब्द वापरत नाही: घुमता.

तुमच्या आजोबांच्या कानात तो आवाज असणारच. म्हणून माझं मत: नाम शोधू नका. ‘घुमणे’ घ्या.

ओसरी
चिरेबंदी, तुमचं वाचल्यावर थांबले आणि पहिलं वाक्य क्रियापदाने करून पाहिलं. ‘सूर चर्चमध्ये घुमत राहायचा.’ नाम होतं तोवर मी सारखी ‘निनाद ऐकू येई’, ‘निनाद उरे’ अशा कसरती करत होते. इंग्रजीत ते नाम आहे म्हणून मीही नामच शोधत बसले होते.

दुसऱ्या वाक्याचं मात्र अजून मन घेत नाही. ‘त्यांचं जाणं घरात तीस वर्षं घुमत राहिलं.’ चालेल?

सड्यावरची
मी देवगडकडची. आमच्याकडे ‘घुमणं’ म्हटलं की पहिल्यांदा अंगात येणं आठवतं. जत्रेत, अवसराच्या वेळी माणूस घुमतो. ‘घरात घुमत राहिलं’ वाचून माझ्या आईला वाटेल की घरात कुणाला तरी झपाटलंय. कबुतरंही घुमतात म्हणा, पण ती नंतर आठवतात.

गार्गी_नागपूर
सड्यावरची, मला हा अर्थ आड येतोय असं वाटत नाही. ज्या घरातला बाप गेला आणि आलाच नाही, त्या घराला झपाटलेलं म्हटलं तर खोटं होईल का?

साउंडवाला बाळू
ताई, माझं शिक्षण कमी, पण एक सांगतो. मागच्या वर्षी आम्ही चाळीतली खोली सोडली. चाळीस वर्षांचं सामान टेम्पोत भरलं आणि मी किल्ली घ्यायला एकटाच वर गेलो. खाली आई वाट बघत होती, तिला खिडकीतून ‘आलो’ म्हणालो, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. त्या खोलीत तो कधी घुमला नव्हता. कपाट होतं, गाद्या होत्या, दोरीवरचे कपडे होते, आम्ही सात माणसं होतो. माझं काम रोज आवाजाचं आहे, तरी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं की घर रिकामं झालं की आवाज जास्त वेळ राहतो.

भौतिकीचा मास्तर
बाळूभाऊ, मी वर जे सूत्र लिहिले त्यात शोषण छेदात आहे. वर्गात हे मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो. आता पुढच्या वेळी तुमची खोली सांगेन.

ओसरी
बाळूदादा, तुमच्या पोस्टनंतर काल रात्री बसून पान पूर्ण केलं. दुसऱ्या वाक्यात मी मूळ मजकुरापासून एक पाऊल बाजूला गेले आहे. आजोबांच्या नातसुनेला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली ‘असंच ठेवा.’ इथे दोन्ही तुकडे देते. सड्यावरची, तुमचा आक्षेप लक्षात ठेवून ‘घरात घुमणे’ टाळलंय, कर्ता आवाजच ठेवलाय.

“सराव संपताना बाबा शेवटचा सूर लांबवायचे, गज उचलायचे आणि बोट वर करायचे. आम्ही श्वास धरून उभे. सूर भिंतीभिंतींतून घुमत राहायचा, वर छतापाशी जायचा, बारीक होत होत विरायचा. मग बोट खाली यायचं आणि आम्ही घरी पळायचो.”

आणि पानाच्या शेवटी:

“बाबा गेले त्या दिवसापासून घर रिकामं झालं, आणि रिकाम्या घरात आवाज घुमतात. त्यांचा आवाज तीस वर्षं घुमत होता. कुणी बोट खाली केलं नाही.”

शेवटचं वाक्य मुळात आहे, पण तिथे ते पुढच्या परिच्छेदात, दुसऱ्या संदर्भात येतं. मी ते इथे ओढून घेतलं. हे भाषांतरात बसतं का, एवढंच आता मनात आहे.

इंग्रजीच्या बाई
बसतं. वाक्य त्यांचंच आहे. पुढच्या परिच्छेदात ते पुन्हा येणार नाही एवढं पाहा.

प्राकृतप्रेमी
पडसाद हरला आणि मला त्याचे अजिबात दुःख नाही.

चिरेबंदी
सुंदर झालंय. एकच सुचवतो. ‘भिंतीभिंतींतून’ म्हटलं की सूर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरल्यासारखा वाटतो. चर्चची जागा एकच, अखंड. ‘या भिंतीवरून त्या भिंतीवर’ केलंत तर?

ओसरी
केलं. ‘सूर या भिंतीवरून त्या भिंतीवर घुमत राहायचा.’